घरदुरुस्तीच्या अनुदानाच्या नावाखाली माझे २१,८५० रुपये गेले

लिहायची लाज वाटते, तरी लिहितोय. आईचं नाव घरकुलाच्या 'ड' यादीत, म्हणजे सरकारी घरासाठी थांबलेल्यांच्या यादीत आहे. गेल्या पावसाळ्यात मागची भिंत खचली, कौलं सरकली. अशातच फोन आला, "पंचायत समितीतून बोलतोय. नवीन घरकुलाला वेळ लागेल, तोवर दुरुस्तीसाठी ७०,००० मंजूर झालेत."

त्याने आईचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, यादीतला नंबरही सांगितला. मग मी का संशय घ्यायचा? या याद्या वेबसाइटवर कुणालाही दिसतात, हे मला नंतर कळलं.

आधी फाइल चार्ज १,१५० रुपये. मग इंजिनिअरच्या पाहणीचे ३,५००. मग जीएसटी म्हणून ६,२००. शेवटी "खातं पडताळणीचे, अनुदानासोबत परत मिळतील" असं सांगून ११,०००.

दुसऱ्या वेळी क्यूआर कोड स्कॅन केला तेव्हा स्क्रीनवर एका माणसाचं नाव आलं. कार्यालयाचं नाव नाही, सरकारी खात्याचं नाही, नुसतं त्या माणसाचं नाव आणि आडनाव. मी ते वाचलं. अंगठा थांबलाही होता. विचारलं तर म्हणाला, "साहेबांचं खातं आहे, ऑफिसचं बंद पडलंय." आणि मी पिन टाकला. रोज रात्री तो स्क्रीन डोळ्यांसमोर येतो. तिथे थांबलो असतो तर १,१५० वर सुटलो असतो. पण भिंतीला टेकू लावलेल्या घरात आई झोपत होती, आणि माझ्या डोक्यात फक्त ते ७०,००० होते.

प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) दुरुस्तीला पैसे मिळतच नाहीत. सपाट भागात नव्या घराला १,२०,००० मिळतात, तेही काम पुढे सरकेल तसे, घराचे फोटो चढवल्यावर, हप्त्याहप्त्याने थेट लाभार्थ्याच्या खात्यात. त्यासाठी आधी एक रुपयाही भरावा लागत नाही. ग्रामसेवकाला एकदा विचारलं असतं तर तिथेच कळलं असतं.

बँकेत गेलो तर उत्तर मिळालं, "पिन तुम्हीच टाकलात ना?" पोलीस ठाण्यात दोन तास बसवलं आणि म्हणाले, हे सायबरचं, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला गेलो, ८० किलोमीटर, एक दिवसाची मजुरी बुडवून. तिथे म्हणाले, आधी तुमच्या ठाण्यातून या. हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो, हे मला एका वकिलाने सांगितलं. पोलिसांना ते ठाऊक नव्हतं का? पंचायत समितीत तर "आमचा काय संबंध?" म्हणत खिडकीच बंद केली. त्यांच्याच नावाने लोक लुटले जातायत, त्यांनी दारावर साधा फलकसुद्धा लावलेला नाही!

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी तिसऱ्या दिवशी फोन केला. तोवर पैसे पुढच्या खात्यात गेले होते. तुमचं असं झालं तर त्याच तासाला फोन करा, बँकेत जायची वाट बघू नका. पैसे येणार असतील तर पिन लागत नाही, पिन लागला म्हणजे पैसे जाणार. पावतीवर शिक्का दिसला म्हणून विश्वास ठेवू नका, मला पाठवलेल्या पावतीवरही होता.

परवा शेजारच्या वाडीतल्या एका काकूंना तसाच फोन आला. त्यांनी ९५० भरले होते. पुढचे मी थांबवले.