म्हापसा बाजारातल्या रानफुलांच्या बियांच्या पुड्या

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पावसाच्या तोंडावर रोपं घेऊन बायका बसतात. त्यांतल्या एकीकडे गेल्या वर्षी खाकी कागदाच्या पुड्या मिळाल्या: अबोली, कोरांटी, घागरी आणि तेरडा. पुडीला ४० रुपये. वर एवढंच लिहिलेलं, ‘कमी पाण्यावर येणारी गावठी फुलं’. चारही घेतल्या.

अबोलीची पुडी दिसली तर सोडू नका. बाजारात बहुतेक ठिकाणी गडद केशरी ‘दिल्ली’ अबोली मिळते. तिला बी धरत नाही, फांद्या लावूनच ती वाढवावी लागते. या पुडीतली अबोली जुनी, फिकट रंगाची, बी धरणारी. उगवायला फार वेळ घेते, महिना उलटला तरी कुंडी रिकामी करू नका. घरचं बी हवं असेल तर वाळलेल्या कणसाला कापड बांधून ठेवा. पाण्याचा थेंब लागला की बोंडं तडकतात आणि बी अंगणभर उडतं.

सगळ्यांत समाधान दिलं ते कोरांटीने. डिचोलीतलं आमचं परस म्हणजे वीतभर माती, खाली सलग जांभा. पावसात इथे पाणी तुंबतं आणि एप्रिलात विहिरीचा तळ दिसतो. जूनच्या पहिल्या सरींवर पेरलेली कोरांटी पावसातच मुळं खाली सोडून बसली. हिवाळ्यात पिवळी-केशरी फुलली, उन्हाळ्यात थोडी पानं गळली, पण बिनपाण्याची टिकली. पेरणीची ही वेळ मात्र पाळायलाच हवी. मूळ खोल जाण्याआधी कोरांटीसुद्धा तहानेने मरते, आणि पुडीवर याबद्दल अक्षर नाही.

तेरडा ‘कमी पाण्यावर येणारा’ म्हणून विकणं मला पटत नाही. त्याचा देठ रसाळ, पाऊस चार दिवस उघडला की तो मान टाकतो. कोरड सोसतं ते त्याचं बी. चतुर्थीच्या सुमारास फुलायचं, बी उधळून मरायचं आणि पुढच्या मृगापर्यंत मातीत पडून राहायचं, ही त्याची रीत. फूल सुंदर आहे, जरूर लावा, पण पाणी वाचेल म्हणून नको.

माटोळीला, म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीला, बांधतात ती घागरी हौसेने घेतली. तिच्या बियांचं कवच टणक असतं. कढत पाण्यात घालून रात्रभर ठेवा, फुगलेल्या तेवढ्याच पेरा, उरलेल्यांना पुन्हा कढत पाणी द्या. न भिजवता पेरलेल्या फारशा उगवल्या नाहीत. एकदा वाढली की जांभ्याच्या फटीतही उभी राहते. मात्र ही वनस्पती, विशेषतः तिचं बी, गुरांना विषारी आहे. गोठा असलेल्या घरांत हे बी जातं, तेव्हा विकणाऱ्या बाईंनी हे पुडीवर ठळक लिहायला हवं.