टेक्निकल (कारखानी दर्जाच्या) नायट्रिकचा ३५ किलोचा कॅन: उन्हाळा-पावसाळा वापरून

६० टक्केवाल्या कॅनमध्ये निव्वळ तेजाब (नायट्रिक आम्ल) २१ किलो, ६८ टक्केवाल्यात २३.८. म्हणजे ६८ वाल्याला रुपया असेल तर ६० वाल्याला ८८ पैसे. त्यावर मागितले तर पुढचं दुकान बघा. चांदी शुद्ध करायला तेजाबात विरघळवताना पाणी घालावंच लागतं, त्यामुळे कमी ताकदीनं काही अडत नाही.

माल चांगला, झाकण मात्र भिकार. आतलं बूच कागदासारखं. गुजरीतल्या (सराफ बाजारातल्या) पत्र्याखालच्या आटणीत, म्हणजे सोनं-चांदी शुद्ध करायच्या जागेत, एप्रिलच्या उन्हानं दाब चढला की वाफ गळते, शेजारचा वजनकाटा गंजतो. दुकानदाराचं उत्तर, "सगळ्यांचं असंच येतं की!" दाब सोडणारं झाकण मागूनच घ्या, कॅन सावलीत प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवा. सांडलं तर लाकडाचा भुसा टाकू नका, पेट घेतो.

तेजाबाच्या पिवळटपणाबद्दल आधी एक स्टार कापला होता, तो परत देतो. उजेडानं तयार झालेला नायट्रोजन डायऑक्साइड आत विरघळतो, एवढंच. खरी परीक्षा क्लोराइडची: थोड्या डिस्टिल्ड पाण्यात तेजाबाचे चार थेंब, वर सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब. दुधाळ झालं तर चांदीचा काही भाग पांढरा होऊन तळाला बसणार; सोन्याच्या पार्टिंगमध्ये (तेजाबानं सोन्यातली चांदी वेगळी करताना) तोच सोन्याच्या भुकटीत अडकून टंच, म्हणजे शुद्धतेचा टक्का, पाडतो. पहिला कॅन काचेसारखा स्वच्छ, त्याच दुकानातला पुढचा दुधाळ. म्हणून प्रत्येक कॅन तपासा. नळाचं पाणी वापरून तेजाबाला बोल लावू नका, त्यातही क्लोराइड असतं.

खप टंचावर ठरतो. ६० टक्क्यांचं तेजाब एक ग्रॅम चांदीला साधारण ०.९५ मिली, तांब्याला ३.२ मिली. हुपरीचे ९० टंचाचे (९० टक्के चांदी, बाकी तांबं) किलोभर पैंजण १.१८ लिटरमध्ये विरघळतात, ६० टंचाचे १.८५ लिटर खातात. हा समीकरणाचा आकडा, प्रत्यक्षात थोडं जास्त लागतं. पण एकदम ओतू नका. उरलेलं तेजाब नंतर चांदी पाडायला टाकलेली तांब्याची पट्टी फुकट खातं.

विरघळताना निघणारा तांबडा धूर कॉस्टिकच्या स्क्रबरमधूनच (कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं धूर धुणाऱ्या यंत्रातूनच) सोडा. छातीत गेला तर त्रास काही तासांनी उमटतो, तेव्हा बरं वाटतंय म्हणून घरी बसू नका, दवाखाना गाठा. चांदी काढल्यावर उरलेलं तांब्याचं निळं पाणी गटारात नाही: आधी लोखंडाचा भंगार टाकून तांबं पाडा, मग सोडा घालून आंबटपणा मारा, आणि राहिलेला गाळ घातक कचरा उचलणाऱ्यालाच द्या.