छेद उत्तम, माप खोटं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मध्ययुगीन इंग्लिश वास्तुकलेवरच्या जुन्या सचित्र ग्रंथाचं हे 3,200 रुपयांचं पुनर्मुद्रण. शैलींची विभागणी ओळखीचीच, 1817 साली इंग्लिश वास्तुविद थॉमस रिकमनने रुळवलेली: नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड, पर्पेंडिक्युलर.

सुरुवातीला फोटो नाहीत हे खटकलं होतं. ते मत आता मागे घेतो. सॉल्सबरी कॅथेड्रलच्या (बांधकाम 1220 पासून) कमानीच्या फोटोत खाचांच्या जागी नुसती काळी सावली दिसते; दगड आतून किती पोखरलाय ते छेदाच्या, म्हणजे दगड आडवा कापल्यावर दिसेल त्या आकाराच्या, रेखाचित्रातच कळतं. काळ ठरवायलाही छेदच कामाचा. खिडकीची जाळी एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीत बदललेली असू शकते, कमानीचं मोल्डिंग (कडेने कोरलेले उंचवटे आणि खाचा) बहुधा मूळचं असतं. नॉर्मन म्हणजे जाड गोल उंचवटा आणि उथळ खाच. अर्ली इंग्लिशमध्ये गोल उंचवट्यांमागे खोल पोखरण. पर्पेंडिक्युलरमध्ये एकाच तिरक्या पातळीवर बसवलेली रुंद, उथळ पन्हळ. छेदांच्या या चौदा प्लेट्स (चित्रांची पानं) इतक्या सुरेख आहेत की पुढचा दोष जास्तच झोंबतो.

प्लेटखाली छापलंय ‘चतुर्थांश माप’. एका छेदावर दगडाचं 12 इंच अंतर दाखवणारी मापरेषा आहे. चतुर्थांशाने ती कागदावर 76 मिमी भरायला हवी. पट्टी लावली तर 53. म्हणजे पान लहान करताना चित्र आक्रसलं आणि अक्षरातलं माप तसंच राहिलं. खरं प्रमाण सुमारे 1:5.75. चित्रासोबत शब्दांऐवजी मापपट्टी काढलेली असती तर तीही त्याच प्रमाणात लहान झाली असती आणि कुणाची फसगत झाली नसती. कागदावरचं माप चारऐवजी 5.75 ने गुणा. पण ते त्याच प्लेटपुरतं. प्रत्येक प्लेट सारखीच आक्रसलीय असं धरू नका, आकडा लिहिलेली मापरेषा शोधून दर वेळी मोजा. शिवाय छेदातल्या बारीक तिरप्या रेघा एकमेकींत मिसळून काळ्या झाल्यात, त्यामुळे अर्ली इंग्लिशच्या सर्वांत खोल खाचेची कड सापडतच नाही. नेमकी तीच हवी असते!

बांधणी शिलाईची नाही, नुसत्या गोंदाची. ग्लॉस्टर कॅथेड्रलच्या क्लॉइस्टरमधल्या (अंगणाभोवतीच्या छताखालच्या वाटेतल्या) फॅन व्हॉल्टचा, म्हणजे पंख्यासारख्या पसरलेल्या दगडी छताचा, नकाशा दोन पानांवर पसरलाय आणि मधला भाग घडीत गेलाय. पान सपाट दाबलं की गोंद तडकतो. तिसऱ्या महिन्यात दोन पानं सुटली. प्रकाशकाने बदली प्रत नाकारली.

जुनी, शिलाईची प्रत मिळत असेल तर थोडे जास्त पैसे मोजा. नाहीतर घेण्याआधी दुकानातच 12 इंचांच्या त्या रेषेवर पट्टी ठेवून बघा.