मसुद्यावर अभिप्राय: डॉक्समध्ये कमेंट की समोर बसून वाचन?

इंजिनिअरिंगचा प्रोजेक्ट रिपोर्ट असो वा प्रयोगशाळेतल्या उपकरणाची वापरपुस्तिका, मसुदा वर्गमित्रांना दाखवायलाच हवा. प्रश्न एवढाच, की कसा?

गुगल डॉक्समध्ये ‘सजेस्टिंग’ मोडवर दिला की प्रत्येक दुरुस्ती वेगळी दिसते, मान्य-अमान्य करता येते, व्हर्जन हिस्टरीत जुना मसुदाही सापडतो. एककांतली गफलत, आकृती ३ला मजकुरात ‘आकृती ४’ म्हटलेलं, हे इथे नेमकं पकडलं जातं. पण वाचणारा बहुतेकदा ऱ्हस्व-दीर्घातच अडकतो. जो परिच्छेद उद्या काढूनच टाकायचा, त्याचंही शुद्धलेखन तपासून मिळतं.

समोर बसायचं तर दोघांची सवड जुळावी लागते. तरी पहिल्या मसुद्यासाठी मी हाच मार्ग सुचवेन, विशेषतः कृती सांगणाऱ्या लेखनासाठी. मित्राला नुसतं वाचायला लावू नका; लिहिलंय तसं करायला सांगा आणि स्वतः गप्प राहून बघा. ‘व्होल्टेज सेट करा’पाशी तो थांबला, तर किती व्होल्ट, कोणत्या नॉबने, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. ‘स्विच चालू करा, मात्र त्याआधी अर्थिंग तपासा’ असं वाक्य असेल, तर त्याचा हात आधीच स्विचकडे जाईल. (तिथे मात्र लगेच थांबवा!) सावधगिरीची सूचना कृतीच्या आधी यायला हवी, हे कमेंटमधून क्वचितच इतकं स्पष्ट कळतं.

डॉक्सची पाळी रचना पक्की झाल्यावर. तेव्हाही ‘जरा बघ ना’ म्हणून लिंक पाठवू नका, नेमका प्रश्न द्या: निष्कर्षातल्या प्रत्येक विधानाला निरीक्षणांच्या तक्त्यात आधार आहे का?