काठमांडू खोऱ्यातील बालगृहात स्वयंसेवक : काही महिन्यांच्या कामानंतरचा अनुभव

बीड जिल्हा परिषदेच्या शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर मी काठमांडूजवळच्या एका बालगृहात सलग काही महिने स्वयंसेवक म्हणून काम केले. परदेशात मुलांसाठी काही करावे असे आपल्याकडेही आता बऱ्याच जणांच्या मनात असते आणि जाहिरातींत फक्त हसरी मुले दिसतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे. बालगृहाचे आणि मधल्या एजन्सीचे नाव मुद्दाम देत नाही.

एजन्सीला अर्ज, शुल्क आणि येण्याची तारीख एवढेच हवे होते. चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र मी पोलिसांकडून आधीच काढून घेतले होते, पण ते तिने कधीच मागितले नाही. अनोळखी माणसाला थेट मुलांच्या खोलीपर्यंत पोचवणाऱ्या व्यवस्थेतली ही उणीव मला सर्वांत गंभीर वाटते. बालगृहाच्या संचालिकाबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी ते मागून फायलीला लावले. शुल्कातला किती भाग बालगृहाला मिळतो, या प्रश्नाला एजन्सीकडून शेवटपर्यंत सरळ उत्तर मिळाले नाही.

प्रवास आणि राहणे यांबद्दल तक्रार नाही. नांदेडहून सचखंड एक्सप्रेसने दिल्ली आणि पुढे विमान, असा मार्ग सोयीचा पडला. भारतीयांना व्हिसा लागत नाही, परंतु माझ्या वयाच्या माणसाला विमानाने जाताना आधार कार्ड चालत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. सकाळी दहाच्या सुमारास आणि रात्री डाळ-भात, दुपारी हलका ‘खाजा’, म्हणजे नाश्ता. भाकरीची सवय असलेल्यांना पहिले काही दिवस जड जातात. लिपी देवनागरीच असल्याने वाचायला अडचण येत नाही आणि कानाला नेपाळी लवकर रुळते.

कामाचे स्वरूप पहिल्याच आठवड्यात स्पष्ट झाले. चौथीतल्या एका मुलीची वही चाळताना रंगांची इंग्रजी नावे तीन ठिकाणी, तीन वेगवेगळ्या मोठ्या माणसांच्या अक्षरांत लिहून दिलेली सापडली, आणि त्याच वहीत हातच्याची वजाबाकी मात्र पानोपानी चुकलेली होती. दोन-तीन आठवड्यांसाठी येणारा प्रत्येक जण आपल्याला सोपे तेच शिकवतो, फोटो काढतो आणि निघून जातो. त्यामुळे मी मुलांना खेळवण्यापेक्षा तिथे कायम असणाऱ्या, मुलांना सांभाळणाऱ्या दिदींसोबत बसून प्रत्येक मुलाच्या अभ्यासाची नोंद ठेवण्याची पद्धत बसवली. तेवढेच काम माझ्यामागेही टिकेल असे वाटते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नेपाळच्या बालगृहांतील बहुसंख्य मुलांचे आई-वडील, निदान त्यांपैकी एक तरी, हयात असतात, हे युनिसेफसह अनेक संस्थांनी वारंवार मांडले आहे. १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतील आई-बापांना ‘शहरात शिक्षण मिळेल’ असे सांगून दलालांनी मुले खोऱ्यात आणली आणि कित्येकांना कागदोपत्री अनाथ केले. २०१५ च्या भूकंपानंतर अशी ने-आण वाढण्याच्या भीतीने सरकारला मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर निर्बंध घालावे लागले. ऊसतोड कामगारांच्या मुलांमध्ये वर्षानुवर्षे काम केलेल्या मला हे परके वाटले नाही; फरक एवढाच, की आपल्याकडे मुकादम आई-बापाला उचल देतो, तिथला दलाल उलट त्यांच्याकडूनच पैसे घेतो. आई-बाप ऊसतोडीला गेल्यावर मुलांसाठी गावातच चालणाऱ्या आपल्या हंगामी वसतिगृहांत कितीही त्रुटी असल्या (आणि त्या मी जवळून पाहिल्या आहेत), तरी पोर आजीजवळ, आपल्याच गावात, आपल्याच शाळेत राहते आणि टोळी परतली की आईकडे जाते. बालगृहांना ही जोड क्वचितच असते, आणि पैसे भरून येणारे स्वयंसेवक जितके जास्त, तितका मुले तिथेच ठेवण्याचा मोह वाढतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही २०१९ च्या ठरावात अनाथालयांतील अशा पर्यटनाकडे बोट दाखवले आहे.

मी होते ते बालगृह या बाबतीत बरे होते. तिथे एक कार्यकर्ता केवळ मुलांची घरे शोधण्याचे काम करी, आणि त्याच्या फायलींतील गावांची नावे व नात्यांच्या नोंदी नीट लावून देणे हे माझ्या सगळ्या मुक्कामातील सर्वांत उपयुक्त काम ठरले. पाचपैकी गुण द्यायचे तर बालगृहाला चार आणि एजन्सीला एक देईन.

जाण्याचा विचार असेल तर एजन्सी टाळून थेट बालगृहाला फोन करावा आणि गेल्या वर्षी किती मुले आपल्या घरी परतली हे विचारावे. आकडा सांगता येत नसेल, तर पैसे भरू नयेत. तसेच दशैंच्या सुट्टीतली, म्हणजे आपल्या नवरात्र-दसऱ्याच्या सुमाराची तारीख घेऊ नये. चांगल्या बालगृहात त्या दिवसांत बरीच मुले घरी गेलेली असतात.