बार मिट्झ्वाची तयारी: तिक्कून घ्याच, पण चाल आपल्या हझानकडूनच शिकवा

ज्यांच्या घरी येत्या वर्षभरात मुलाचा बार मिट्झ्वा आहे त्यांना माझं एकच सांगणं आहे, क्लास, ॲप, यूट्यूब हे सगळं नंतर बघा, आधी एक चांगलं तिक्कून, म्हणजे तोरा वाचायच्या सरावाचं पुस्तक, विकत घ्या. आमच्याकडे मुलाच्या आत्याने इस्रायलमधल्या लोदहून येताना आणलं आणि पूर्ण तयारी त्याच्यावरच झाली, म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या बेने इस्रायल, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्यू, घरांत मुलगा १३ वर्षांचा झाला, म्हणजे हिब्रू तारखेने बरं का, की त्याचा बार मिट्झ्वा होतो, तो सिनेगॉगमध्ये (प्रार्थनागृहात) सगळ्यांसमोर सेफेर तोरातून वाचतो आणि तिथून पुढे तो मिन्यानच्या, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या, १० पुरुषांत धरला जातो. आता सेफेर तोरा ही आपल्या धर्मग्रंथाची, तोराची, हाताने लिहिलेली चर्मपत्राची गुंडाळी, तिच्यात फक्त अक्षरं असतात, स्वरांचे नेकुदोत नाहीत, पूर्णविराम नाही, सूर दाखवणाऱ्या तआमीमच्या खुणा नाहीत. पोरं हिब्रू शिकतात ती नेकुदोतवाली, आणि आयत्या वेळी समोर येतं हे असं नुसतं. दालेत, बेत, रेश अशी तीन अक्षरं ओळीने आली तर ते दावार पण असू शकतं, देवेर पण आणि दिब्बेर पण, गोष्ट, रोगराई आणि बोलला, तीन वेगळे अर्थ, कुठे काय म्हणायचं ते आधीच तोंडात बसलेलं पाहिजे.

तिक्कून नेमकं इथेच कामाला येतं. प्रत्येक पानावर दोन रकाने, एका बाजूला नेकुदोत आणि तआमीमसकट मजकूर आणि शेजारीच तोच मजकूर अगदी सेफेरमध्ये दिसतो तसा, अक्षरांवरच्या बारीक मुकुटांसकट. शिवाय ओळ जिथे इकडे तुटते तिथेच तिकडे तुटते. आमचा मुलगा आधी खुणांच्या बाजूने वाचायचा, मग त्या रकान्यावर पोस्टकार्ड ठेवून कोऱ्या बाजूने, अडला की कार्ड एक ओळ खाली सरकवून बघायचं आणि परत झाकायचं. पुढे पुढे कार्ड सरकवायची गरजच कमी होत गेली. दालेत आणि रेश मध्ये तो सारखा गडबडायचा, दोन्ही दिसायला सारखेच, फरक फक्त कोपऱ्याचा, पण याच्या मोठ्या टाइपात तो कोपरा नीट दिसतो. म्हणून सांगते, खिशात मावेल असं छोटं तिक्कून मुळीच घेऊ नका, मोठ्या आकाराचंच घ्या, जड असतं पण टेबलावर ठेवूनच वाचायचंय.

आणखी एक गोष्ट जी मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. तआमीमच्या खुणा जगभर त्याच, पण त्यांची चाल प्रत्येक समाजाची वेगळी, अश्कनाझी (युरोपातल्या ज्यूंची) वेगळी, बगदादी वेगळी, येमेनी वेगळी. छापलेलं तिक्कून कुठल्याच चालीला बांधलेलं नसतं, तुमचे हझान, म्हणजे सिनेगॉगात प्रार्थना म्हणणारे, जी चाल शिकवतील ती त्याच्यावर बसते. ऑनलाइनचं तसं नाही. आम्ही आधी एका ऑनलाइन शिकवणीचे पैसे भरले होते, नाव घेत नाही, शिक्षक मनापासून शिकवायचे यात वाद नाही पण चाल त्यांची अमेरिकेतली अश्कनाझी, आणि रेकॉर्डिंगमध्ये शब्बातचं (शब्बाथ, शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस) शब्बोस, म्हणजे आपण जिथे त म्हणतो तिथे स. मुलगा ते घरी म्हणायला लागला तेव्हा त्याच्या आजोबांना ते आपलं वाटेचना आणि खरं सांगू का, मलाही नाही वाटलं. कोकणात तेलाचे घाणे चालवायचो तेव्हापासून शनवार पाळत आलेला आपला समाज, मुठीएवढे लोक उरलोय इथे, बरेचसे इस्रायलमध्ये दिमोना, अश्दोद, लोदला गेले, मग निदान जे वाचायचं ते आपल्या सिनेगॉगात म्हणतात तसं वाचलं गेलं पाहिजे असं मला अगदी आतून वाटतं. आमच्या हझान अंकलनी स्वतःहून सांगितलं की मी म्हणतो, तुम्ही फोनवर रेकॉर्ड करून घ्या (आठवड्यात कधीतरी, शब्बाथला नाही), आणि मुलाने ते ऐकत ऐकत तिक्कूनवर बोट फिरवलं. या दोन गोष्टी मिळाल्या की दुसरं काही लागत नाही.

तारीख काढायला हेबकॅल ही वेबसाइट वापरा, फुकट आहे आणि उत्तम आहे. जन्म सूर्यास्तानंतरचा असेल तर ती खूण करायला विसरू नका कारण हिब्रू दिवस संध्याकाळी बदलतो. कोणी कार्यक्रम जेरुसलेमला कोटेलपाशी (पश्चिम भिंतीपाशी) करणार असेल तर पराशा, म्हणजे त्या आठवड्याचा तोराचा भाग, इस्रायलच्या सेटिंगवर बघा. तिकडे पेसाखचा सण ७ दिवस आणि इकडे ८, त्यामुळे काही वर्षी आठवा दिवस शब्बाथला आला की दोन्हीकडचे पराशे काही आठवडे पुढेमागे होतात, आणि मुलाने भलताच पाठ केलेला नको.

सोमवार किंवा गुरुवार धरलात तर वाचन छोटं असतं, तीन आलिया (वाचनाचे भाग) मिळून साधारण दहा-बारा पासुक (वचनं), आणि तेफिलिन (प्रार्थनेवेळी हाताला आणि कपाळाला बांधायच्या चामडी पेट्या) पण घालता येतं, शब्बाथला ते घालत नाहीत. फक्त कामाच्या दिवशी सकाळी मिन्यान जमेल ना हे आधी विचारून ठेवा, मलिद्याची, म्हणजे प्रसादाची, तयारी नंतर.

कमतरता सांगायची तर तिक्कूनमध्ये अर्थ अजिबात नाही. एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी आपल्यासाठी प्रार्थना मराठीत आणल्या, तसं मराठी असलेलं तिक्कून मात्र माझ्या बघण्यात नाही, कोणी केलं तर मी पहिली घेईन. तोवर सेफारिया या वेबसाइटवर इंग्रजी बघून आम्ही रात्री जेवताना मराठीत सांगायचो, आणि ते सांगायला सुरुवात केल्यावर मुलाच्या वाचनात फरक पडला, कुठे थांबायचं ते त्याला आपसूक कळायला लागलं. अजून एक, काही लोक पूर्ण पराशा देवनागरीत वहीत लिहून पाठ करून घेतात, ते करू नका, सेफेर उघडल्यावर पोराला काहीच ओळखीचं दिसत नाही.

किंमत इथे मागवली तर पोस्टेजमुळे वाढते, त्यामुळे इस्रायलहून कोणी येत असेल तर त्यांनाच सांगा. आत पूर्ण तोरा आहे, बऱ्याच आवृत्त्यांत हफ्तारा (नबींच्या ग्रंथांतलं वाचन) पण, म्हणजे धाकट्या भावंडाची पराशा वेगळी असली तरी तेच पुस्तक चालतं. आमच्या मुलीला १२ पूर्ण होतील तेव्हा तिच्यासाठी हेच काढणार आहे.