रास्पबेरी पाय ४, घरचा सर्व्हर आणि कोसळणारा कर्नल: वर्षभराहून जास्त वापरल्यावर

मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका: रास्पबेरी पाय ४ (हातावर मावणारा, एकाच बोर्डाचा छोटा संगणक) घरच्या सर्व्हरसाठी चांगला बोर्ड आहे. फक्त त्याला कोणता ॲडॅप्टर, कोणती केबल आणि एसएसडीची कोणती केस जोडता, यावर तो महिनोन्महिने बिनतक्रार चालणार की दर आठवड्याला आडवा होणार हे ठरतं. माझ्याकडे दोन्ही घडलं, आणि बोर्ड मात्र तोच होता.

बोर्ड ४ जीबीचा. पाय ४ बाजारात आला जून २०१९ मध्ये, म्हणजे आता तो जुना झाला. पण चार कॉर्टेक्स-ए७२ कोअर, खरंखुरं गिगाबिट इथरनेट आणि यूएसबी ३ चे दोन पोर्ट एवढ्यावर घरचं काम निवांत भागतं. माझ्याकडे त्याच्यावर जाहिराती अडवायला पाय-होल, फाइलींसाठी सांबा आणि घरच्यांच्या फोनमधले फोटो ओढून घ्यायला सिंकथिंग चालतं. एसडी कार्ड सतत लिहिण्यासाठी बनलेलं नसतं, म्हणून बूटही यूएसबीवरच्या एसएसडीवरून. सुरुवातीचे काही आठवडे सगळं सुरळीत होतं. फोटो वाढले, रात्रीचा बॅकअप जड झाला, आणि सकाळी उठून बघावं तर यंत्र गप्प.

अशा वेळी आपण सरसकट ‘कर्नल (म्हणजे लिनक्सचा गाभा) क्रॅश झाला’ म्हणतो, आणि इंटरनेटवर सापडेल तो उपाय करून बघतो. कुणी सांगतं कर्नल अपडेट कर, कुणी सांगतं कार्ड बदल, कुणी पंखा लावायला सांगतं. यातलं काहीही करण्याआधी यंत्र नक्की कसं पडलंय ते पाहायला हवं. माझ्याकडे तीन तऱ्हा दिसल्या. कधी बोर्ड पूर्ण गोठलेला असायचा, पिंगलाही (‘आहेस का?’ अशी नेटवर्कवरची हाक) उत्तर नाही. कधी पिंगला व्यवस्थित उत्तर यायचं, पण एसएसएचने (दुसऱ्या यंत्रावरून लॉगिन करायची सोय) आत जायला गेलं की पासवर्डनंतर सगळं लटकायचं. आणि कधी यंत्र अर्धवट जिवंत, पण नेटवर्क मेलेलं. घरच्यांच्या लेखी हे सगळं ‘नेट गेलं’ याच सदरात मोडतं. प्रत्यक्षात हे तीन वेगळे आजार निघाले आणि तिघांची औषधंही वेगळी.

दुसरी तऱ्हा सगळ्यात फसवी. पिंगला उत्तर कर्नल स्वतः देतो, त्यासाठी डिस्क लागत नाही. लॉगिनला मात्र डिस्कवरून फाइली वाचाव्या लागतात. म्हणजे पिंग चालू आणि लॉगिन बंद असेल तर कर्नल जिवंत आहे, त्याच्या पायाखालची डिस्क गेली आहे. याला क्रॅश म्हणणंही चूक.

इथेच लॉगचा प्रश्न येतो. जर्नलडीच्या (लॉग, म्हणजे यंत्राचे निरोप, नोंदवणारी सेवा) कॉन्फिग फाइलमध्ये स्टोरेज ‘पर्सिस्टंट’ केलं की रिबूटनंतर ‘जर्नलसीटीएल -बी -१’ देऊन मागच्या वेळचे निरोप वाचता येतात. ते करावंच. पण डिस्कच गायब झाली असेल तर शेवटचे निरोप लिहिणार कुठे? चोराने जाताना सीसीटीव्हीचा डीव्हीआरही उचलून न्यावा, तशातली गत. कर्नल पॅनिकमध्येही (कर्नलला सावरता न येऊन तो थांबतो तेव्हा) तेच, शेवटच्या ओळी डिस्कपर्यंत पोचतच नाहीत आणि नेमक्या त्याच ओळी आपल्याला हव्या असतात.

म्हणून या सगळ्या काळात मी घेतलेली सर्वांत कामाची वस्तू म्हणजे यूएसबी-टीटीएल सीरियल ॲडॅप्टर. कर्नलचे निरोप डिस्कवर न जाता तारेने थेट दुसऱ्या यंत्राकडे नेतो. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो, आणि बोर्डाच्या किमतीपुढे त्याची किंमत अगदीच किरकोळ. जोडणी तीन तारांची: बोर्डाची ६ नंबरची पिन ग्राउंड, ८ नंबर पाठवणारी, १० नंबर घेणारी. पाठवणारी तार समोरच्या घेणाऱ्या टोकाला जाते, म्हणजे उलटसुलट. या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ॲडॅप्टरवर ३.३ आणि ५ असा जंपर असेल तर तो ३.३ वरच हवा, आणि पॉवरची लाल तार जोडायचीच नाही. कॉन्फिग फाइलमध्ये ‘एनेबल यूआर्ट’ला १ द्यायचं, बूटच्या ओळीत (‘सीएमडीलाइन’ फाइलमध्ये) ‘कन्सोल’ समोर सीरियल पोर्ट आणि ११५२०० हा वेग आहे ना ते बघायचं, ‘क्वाएट’ हा शब्द असेल तर काढून टाकायचा. दुसऱ्या टोकाला एखादा जुना लॅपटॉप मिनिकॉम (सीरियलवरचा मजकूर दाखवणारा प्रोग्राम) उघडून, लॉग फाइलमध्ये जाईल असा लावून सोडून द्यायचा. त्यानंतर कर्नल मरताना जे काही बोलेल ते तुमच्याकडे लिहिलेलं असतं.

पहिला आजार विजेचा निघाला. दुकानदाराने बोर्डासोबत जो ॲडॅप्टर दिला होता त्याच्यावर ५ व्होल्ट ३ ॲम्पियर छापलेलं होतं, म्हणून संशय यायचं कारण नव्हतं. सीरियलवर मात्र रात्रीच्या बॅकअपच्या वेळी ‘अंडरव्होल्टेज डिटेक्टेड’ आणि काही सेकंदांनी ‘व्होल्टेज नॉर्मलाइज्ड’ अशा जोड्या येत होत्या, आणि शेवटच्या जोडीतली दुसरी ओळ कधीच आली नाही. बोर्डावरची देखरेख साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की बोंब मारते. आता गणित बघा. अधिकृत ॲडॅप्टर ५ चा नाही, ५.१ व्होल्ट ३ ॲम्पियरचा असतो. जाऊन-येऊन तारेचा रोध ०.१ ओहम धरला तर ३ ॲम्पियरला ०.३ व्होल्ट तारेतच जातात, बोर्डाला ४.८ मिळतात, चालून जातं. हाच रोध ०.२ झाला की उरतात ४.५. बारीक तांब्याची लांब, स्वस्त केबल हे सहज करून दाखवते. ॲडॅप्टर मुळात ५.० चा आणि लोड आल्यावर आणखी ढिला पडणारा असेल तर मग बोलायलाच नको.

मल्टिमीटर २ आणि ६ नंबरच्या पिनांवर लावून बघितलं तर सरासरी व्होल्टेज ठीकच दिसेल. क्षणभराची घसरण मीटरच्या आकड्यात उमटत नाही. त्यापेक्षा ‘व्हीसीजेनकमांड गेट थ्रॉटल्ड’ ही आज्ञा जास्त खरं बोलते. उत्तर निव्वळ शून्य आलं तर बूट झाल्यापासून काही घडलेलं नाही. ०एक्स५०००० म्हणजे आत्ता ठीक आहे, पण मधे कधीतरी वीज कमी पडली आणि वेग कापला गेला. ०एक्स५०००५ म्हणजे या क्षणीही कमी पडतेय. गोम अशी की ही नोंद रिबूट झालं की पुसली जाते. क्रॅशनंतर प्लग काढून लावला आणि मग ही आज्ञा दिली, तर हमखास शून्य येणार आणि वीज निर्दोष सुटणार. म्हणून मी दर काही मिनिटांनी हा आकडा दुसऱ्या यंत्रावर पाठवणारी एक छोटी क्रॉन (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) नोंद टाकली.

अधिकृत ५.१ व्होल्टचा ॲडॅप्टर आणला. त्याची केबल ॲडॅप्टरलाच कायमची जोडलेली असते, त्यामुळे केबलचा प्रश्न आपोआप मिटतो. पूर्ण गोठणं तिथेच थांबलं. जुना बोर्ड वापरणाऱ्यांसाठी एक टीप: २०१९ च्या पहिल्या बोर्डांत यूएसबी-सीच्या दोन सीसी पिनांना (ज्यांवरून ॲडॅप्टर समोरचं यंत्र ओळखतो) मिळून एकच रेझिस्टर होता, त्यामुळे आत चिप असलेल्या महागड्या केबली त्यांना वीजच देत नसत. पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं.

डिस्क गायब होणं मात्र चालूच राहिलं. सीरियलवर आता वेगळी भाषा होती: आधी ‘यूएएस’ नावाच्या ड्रायव्हरचे ‘अबॉर्ट’, मग ‘रीसेट सुपरस्पीड यूएसबी डिव्हाइस’, मग ‘एसडीए’ डिस्कवर आय-ओ एरर, आणि शेवटी ईएक्सटी४ ने फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती करून टाकली. दोष एसएसडीचा नव्हता, ती ज्या स्वस्त केसमध्ये होती तिच्यातल्या साटा-यूएसबी चिपचा होता. यूएएस ही एकाच वेळी अनेक आज्ञा रांगेत लावून वेग काढणारी पद्धत. काही चिपा ‘आम्हाला ती येते’ असं कर्नलला सांगतात आणि लोड आल्यावर गोंधळतात.

उपाय फुकटचा आहे. ‘एलएसयूएसबी’ने त्या चिपचे दोन चार-अक्षरी आयडी बघायचे आणि बूटच्या ओळीत ‘यूएसबी-स्टोरेज डॉट क्वर्क्स’ समोर ते दोन आयडी व ‘यू’ हे अक्षर द्यायचं. रास्पबेरी पाय ओएसच्या बूकवर्म आवृत्तीपासून ही ‘सीएमडीलाइन’ फाइल बूटच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये असते. तिच्यातला सगळा मजकूर एकाच ओळीत राहिला पाहिजे, चुकून एंटर पडला तर पुढचं वाचलं जात नाही. रिबूटनंतर ‘एलएसयूएसबी -टी’ने डिस्कसमोर ‘यूएएस’च्या जागी ‘यूएसबी-स्टोरेज’ दिसतंय का बघायचं. वेग उतरतो, नाही असं नाही. पण गिगाबिटच्या तारेतून तसेही सेकंदाला ११० एमबीच्या आसपासच जाणार, त्यामुळे फोटो चढवताना घरात कुणाला फरक कळलेला नाही. पुढे मी केसही बदलली, आणि नवीतली चिप यूएएसवर न कुरकुरता चालते. निव्वळ चिपचं नाव बघून केस विकत घेणं भारतातल्या ऑनलाइन दुकानांत अवघड आहे, कारण वर्णनात ते सहसा नसतंच. परत करायची मुदत संपण्याआधी रात्रभर मोठ्या फाइलींची कॉपी चालवून बघणे हाच मार्ग.

तिसरी तऱ्हा म्हणजे खरा कर्नल ‘ऊप्स’, कर्नलच्या आतच झालेली चूक. माझी केस धातूची असल्याने आतलं वायफाय मंद झालं होतं, म्हणून एक स्वस्त वायफाय डोंगल लावला होता. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नव्हता, बाहेरून घेऊन डीकेएमएसने (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधणारी सोय) बसवावा लागला. पुढे कर्नल ६.१ वरून ६.६ वर गेल्यावर त्याने रंग दाखवायला सुरुवात केली.

ऊप्सचा मजकूर बघून घाबरायला होतं, पण वाचायला तो तितका कठीण नाही. वरच्या ओळीत कर्नल कशावर अडखळला ते असतं, उदाहरणार्थ ‘नल पॉइंटर डिरेफरन्स’. मग ‘टेंटेड’ (कर्नल निर्भेळ नसल्याची खूण) पुढची अक्षरं: ‘ओ’ म्हणजे कर्नलबाहेरचं मॉड्यूल (कर्नलला जोडलेला ड्रायव्हरसारखा तुकडा) बसलेलं आहे, ‘सी’ म्हणजे स्टेजिंगमधला, म्हणजे अजून पक्का न झालेला ड्रायव्हर आहे (पायवर हा नेहमीच दिसतो, दचकू नका), आणि ‘डी’ म्हणजे आधीच एक ऊप्स होऊन गेलाय. ‘डी’ दिसला की वर सरकून पहिला शोधायचा, कारण नंतरचे बहुतेक त्याच्याच परिणामातून आलेले असतात. मग ‘पीसी’च्या (प्रोग्राम काउंटर, कर्नल नेमका कुठे होता ते) ओळीत फंक्शनचं नाव आणि चौकटी कंसात मॉड्यूल. माझ्याकडे प्रत्येक वेळी तेच फंक्शन, तेच मॉड्यूल, आणि कंसात डोंगलचा ड्रायव्हर. हीच या सगळ्यातली मोठी खूण आहे. ऊप्स दर वेळी एकाच जागी होत असेल तर संशय सॉफ्टवेअरवर. दर वेळी नवीन जागा आणि नवीन प्रोसेस असेल तर वीज, रॅम किंवा ओव्हरक्लॉक तपासायचं. डोंगल काढला, मॉड्यूल उडवलं, भिंतीच्या कडेने इथरनेटची तार ओढली. ऊप्स बंद.

उष्णतेला उगाच बदनाम करतात. पुण्याच्या एप्रिलमध्ये बिनपंख्याच्या धातूच्या केसमध्येही माझा बोर्ड ८० अंशांच्या खाली राहिला, आणि वर गेला असता तरी आधी वेग कमी झाला असता, लगेच पॅनिक नाही. लाईट जाण्याचा प्रश्न खरा आहे. घरच्या इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि इको असं बटण असतं, ते यूपीएसवर ठेवल्यावर लाईट जातायेताना होणारे रिबूट थांबले.

वॉचडॉगबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. पायमध्ये हार्डवेअर वॉचडॉग (यंत्र जिवंत आहे का यावर नजर ठेवणारं घड्याळ) आहे, सिस्टिमडीत (यंत्राच्या सेवा चालवणारी व्यवस्था) त्याला १५ सेकंद दिले की गोठलेलं यंत्र आपोआप रिबूट होतं. पॅनिकनंतर कर्नल मुळात तसाच अडकून राहतो, ‘कर्नल डॉट पॅनिक’ला १० दिले तर दहा सेकंदांनी पुन्हा उठतो. दोन्ही चांगलं, पण कारण सापडल्यावर. आधीच लावलं तर यंत्र रोज रात्री मरून उठेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. तसंच ‘आरपीआय-अपडेट’. त्याने चाचणीतला कर्नल येतो, रोजच्या यंत्रावर साधं ‘एपीटी’चं अपग्रेड पुरेसं आहे.

आता बोर्ड सलग चालतो, अपडेटसाठी मीच बंद करतो तेवढंच. विकत घेणाऱ्याने बोर्डाच्या किमतीत अधिकृत ॲडॅप्टर, बरी एसएसडी केस आणि सीरियल ॲडॅप्टर धरूनच हिशोब करावा. तो हिशोब जुन्या मिनी पीसीच्या जवळ जात असेल आणि वीजबिलाची किंवा जीपीआयओ (सेन्सर वगैरे जोडायच्या) पिनांची फारशी पर्वा नसेल, तर मिनी पीसी घ्या. पाय ५ वर जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: त्याचा ॲडॅप्टर ५.१ व्होल्ट ५ ॲम्पियरचा आहे. पाय ४ चा ३ ॲम्पियरवालाच पुढे चालवला तर बोर्ड चालू होतो, पण यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलिॲम्पियरच देतो. एसएसडी त्याच पोर्टावर असेल तर डिस्क गायब होण्याचा खेळ नव्याने सुरू होऊ शकतो.